डब्यातली ब्रिटिश नाणी: आधी वजन, मग कड, चेहरा शेवटी

रत्नागिरीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे आजोबा आगबोटीवर खलाशी होते. त्यांच्या मागे पत्र्याचा एक डबा राहिला. त्यात १९१८ सालची कडी लावलेली गिन्नी, १८८७ चं एक छोटं सोनेरी नाणं, १८१९ चं चांदीचं मोठं नाणं, चिनी अक्षरं असलेला १९०२ चा डॉलर, तांब्याचं १७९७ चं जाडजूड नाणं, वीसेक पेन्या आणि रामदरबाराचं चित्र असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा, १८१८’ असं सगळं आहे. यातली खरी कोणती, त्यांची ग्रेड (म्हणजे झिजेवरून ठरणारी प्रत) काय, घासून स्वच्छ करू का, आणि इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या चुलतभावाकडे विकायला पाठवू का, असे त्यांचे प्रश्न आहेत. गावातला सोनार गिन्नी वितळवून द्यायला तयार आहे, तेही त्यांनी कळवलं आहे.

ताई, सगळ्यात आधी दोन गोष्टी. एकही नाणं घासू नका, आणि गिन्नी वितळवायला देऊ नका. बाकीचं सावकाश बघू.

तुमचे फोटो स्पष्ट आहेत, तरी एक सांगून ठेवतो. फोटोवरून नाणं खोटं आहे हे पुष्कळदा सांगता येतं. खरं आहे हे सांगता येत नाही. खोटं ठरवायला एक चुकीची खूण पुरते. खरं ठरवायला वजन, व्यास, धातू, कड, साल, टाकसाळीची खूण आणि अक्षरांची ठेवण हे सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. म्हणून नाणं हातात आलं की मी राजाचा चेहरा शेवटी बघतो. नकली नाणं करणाऱ्याने सगळी मेहनत चेहऱ्यावर घेतलेली असते. वजन आणि कड यांच्याकडे गिऱ्हाईक बघत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो तिथेच सापडतो.

साधनं फार लागत नाहीत. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, कॅलिपर, एक चुंबक, ग्लासभर पाणी आणि शिवणाचा दोरा. सोनाराची कसोटी मात्र नको. कसोटीवर नाण्याची कड घासली की तिथे जो सपाट चट्टा पडतो तो कायमचा, आणि पुढचा प्रत्येक गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून भाव पाडतो.

गिन्नीपासून सुरुवात करू. आपल्याकडे घरोघरी तिला गिन्नी म्हणतात, पण हे नाणं म्हणजे सॉव्हरिन, एक पौंडाचं सोन्याचं नाणं. १८१६ च्या कायद्याने ब्रिटनने नाण्यांची सगळी घडी नव्याने बसवली आणि १८१७ पासून हे नाणं पडू लागलं. त्याचं वजन ७.९८८ ग्रॅम, सोनं २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम, आणि व्यास २२.०५ मिलिमीटर. हे माप तेव्हापासून आजवर बदललेलं नाही, आणि पडताळणी करणाऱ्याला यासारखा दुसरा आधार नाही. चलनात झिजून ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलेलं सॉव्हरिन ब्रिटिश कायद्यात चालत नसे. त्यामुळे कडी नसलेलं सॉव्हरिन काट्यावर ७.७० दाखवत असेल तर ‘वापरून झिजलं असेल’ ही सबब मी ऐकून घेत नाही. एवढी झीज झाली असती तर राजाची दाढी-मिशीही गुळगुळीत झाली असती. जड भरलं तर संशय आणखी वाढतो, कारण वापराने नाणं जड होत नाही.

तुमच्या नाण्याला कडी आहे, तेव्हा नुसतं वजन उपयोगाचं नाही. कडी आणि डाख दोन्हींचं वजन त्यात आलं. इथे पाण्याची परीक्षा कामाला येते. आधी नाणं कोरडं तोला. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लोंबतं धरा. ते तळाला किंवा काचेला टेकता कामा नये आणि त्याला बुडबुडे चिकटलेले नसावेत. काटा आता जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. उरतं ते धातूचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे धातू पाण्याच्या किती पट जड आहे ते. साध्या सॉव्हरिनला पाण्यातला आकडा ०.४५ ते ०.४६ येतो आणि भागाकार साधारण साडेसतरा. पितळेवर मुलामा असेल तर भागाकार आठ-साडेआठच्या आसपासच अडकतो. टंगस्टनचं पोट भरून केलेली नकल एकोणिसाकडे सरकते. म्हणजे शुद्ध सोन्याच्या बिस्किटात टंगस्टन जसं लपतं तसं २२ कॅरेटच्या नाण्यात लपत नाही. तुमची कडीही २२ कॅरेटची असेल तर ती काढल्याशिवाय उत्तर साडेसतराच्या जवळ येईल. कडी हलक्या कॅरेटची असली तर थोडं खाली येईल, तेवढी सूट द्या.

आता साल. १९१७ नंतर थेट १९२५ पर्यंत लंडनच्या टाकसाळीने सॉव्हरिनवर नवं साल घातलं नाही. १९१८ ची सॉव्हरिन पडली ती साम्राज्यातल्या शाखांमध्ये: सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा आणि आपली मुंबई. प्रत्येक शाखेचं एक अक्षर नाण्यावर असतं. सिडनीचं एस, मेलबर्नचं एम, पर्थचं पी, कॅनडाचं सी आणि इंडियाचं आय. पाचव्या जॉर्जच्या नाण्यावर ते बघायची जागा ठरलेली आहे. मागच्या बाजूला सेंट जॉर्ज घोड्यावर बसून ड्रॅगन मारतो आहे, त्या घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची रेषा आहे तिच्यावरच, सालाच्या मधोमध वर. १९१८ साल आहे आणि तिथे अक्षरच नाही, असं नाणं खोटं. त्याला पाण्यात बुडवायचीही गरज नाही. १९१८ ते १९२४ पैकी कुठलंही बिनअक्षरी सॉव्हरिन याच न्यायाने बाद होतं.

तुमच्या फोटोत त्या जागी आय दिसतो आहे. तो खरा निघाला तर तुमची गिन्नी मुंबईच्या फोर्टात पडलेली आहे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, सोनं समुद्रमार्गे हलवणं धोक्याचं झालं, तेव्हा १९१८ मध्ये मुंबईच्या टाकसाळीच्या आवारात लंडनच्या रॉयल मिंटची शाखा उघडली आणि १९१९ मध्ये ती बंदही झाली. सॉव्हरिन एवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच शुद्धतेची पंधरा रुपयांची सोन्याची मोहर १९१८ मध्येच मुंबईत पडली. मुंबईची सॉव्हरिन सुमारे तेरा लाख, सगळी १९१८ याच सालाची. सॉव्हरिनच्या सगळ्या टाकसाळी गोळा करणाऱ्याला या नाण्यावाचून संच पुरा करता येत नाही, म्हणून लंडनच्या लिलावातही याला मागणी असते. तुमचा सोनार जे वितळवायला निघाला आहे ते हे.

पण अक्षर आहे म्हणून निकाल लागला असं समजू नका. सॉव्हरिनच्या बाबतीत एक निराळी अडचण आहे. १९५० च्या दशकात इटलीत आणि नंतर लेबनॉनमध्ये ज्या नकला झाल्या त्यांतल्या कितीतरी चांगल्या २२ कॅरेट सोन्याच्याच आहेत. त्या काळी सॉव्हरिनला त्यातल्या सोन्यापेक्षा बराच जास्त भाव मिळे, म्हणून खरं सोनं घालूनही नकल परवडत असे. या नकलांचा सुळसुळाट हे १९५७ मध्ये रॉयल मिंटने पुन्हा नियमित सॉव्हरिन पाडायला घेण्याचं एक मोठं कारण होतं. अशा नकला काट्यावर पास होतात, पाण्यात पास होतात, सोनाराच्या मशिनवरही पास होतात. तिथे ठसाच बघावा लागतो.

भिंगाखाली मी तीन-चार ठिकाणी थांबतो. कडेच्या आतल्या बाजूला जे बारीक दातांचं वर्तुळ असतं ते खऱ्या नाण्यावर नेटकं आणि प्रत्येक दात सुटा असतो. नकलेत दात जाड, एकमेकांत मिसळलेले, मधूनच तारेसारखे ओढलेले. अक्षरांची बाजू जमिनीतून ताठ उभी हवी. नकलेत ती लोण्यात बोट फिरवल्यासारखी उतरती होते. राजाच्या मानेच्या कापावर शिल्पकार बर्ट्रम मॅकेनलची बी. एम. ही आद्याक्षरं आणि मागच्या बाजूला सालाच्या उजवीकडे बेनेदेत्तो पिस्त्रुचीची बी. पी. ही आद्याक्षरं असतात. ही इतकी बारीक आहेत की नकलेत ती बहुधा ठिपके बनून राहतात. शेवटचं म्हणजे सपाट भागावरच्या खळग्या. एखाद्या खऱ्या नाण्यावरून साचा काढला की त्या नाण्यावरचा ओरखडासुद्धा साच्यात उतरतो आणि पुढच्या प्रत्येक नकलेत तोच ओरखडा त्याच जागी येतो. दोन वेगळ्या नाण्यांवर हुबेहूब एकच खळगी दिसली की दोन्ही बाजूला ठेवायची. तुलनेसाठी खरं नाणं जवळ नसेल तर ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठे फोटो आहेत, आणि मुंबईत फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, ते जरूर बघून या. खरं नाणं शांतपणे दहा मिनिटं बघितलेल्या डोळ्याला नकली लगेच टोचतं.

कडी काढायची का? काढू नका. डाखाच्या उष्णतेने तिथला धातू आधीच बदललेला असतो. कडी कापली की खाली चट्टा निघतो, तो घासून लपवायचा प्रयत्न झाला की आणखी बिघडतं. कडीचं नाणं संग्राहकाच्या ग्रेडमध्ये बसत नाही, हे खरं. पण आहे तसं ठेवलं तर सोन्याचा भाव कुठे जात नाही, वर मुंबईच्या आयसाठी दोन पैसे जास्त देणारा भेटू शकतो. वितळवलं की सोनार घट धरणार आणि नाणंही जाणार.

आता १८८७ चं छोटं सोनेरी. तुम्ही त्याला अर्धी गिन्नी म्हटलं आहे. मला ते तसं वाटत नाही, आणि का ते तुम्हाला घरबसल्या ताडता येईल. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा नवी नाणी निघाली. त्यातल्या चांदीच्या सहा पेन्सवर मागच्या बाजूला ढालीचं चिन्ह होतं, किंमत कुठेच लिहिलेली नव्हती, आणि आकार अर्ध्या सॉव्हरिनएवढा. लोकांनी लगेच त्याला सोन्याचा मुलामा देऊन ते दहा शिलिंग म्हणून खपवायला सुरुवात केली. टाकसाळीने ते त्याच वर्षी मागे घेतलं आणि पानांच्या वेढ्यात सिक्स पेन्स असं लिहिलेलं जुनं चित्र परत आणलं. वजन करा. अर्धं सॉव्हरिन ३.९९ ग्रॅम भरतं, सहा पेन्स २.८३. व्यासात फरक नखाएवढाही नाही, वजनात एक ग्रॅमहून थोडा जास्त आहे. तुमच्या फोटोत मुकुटाच्या टोकावर खाली पांढरट धातू डोकावतो आहे, त्यावरून मला २.८३ च दिसेल असं वाटतं. निराश होऊ नका. नाणं बहुतेक खरंच आहे, वरचा मुलामा लबाडीचा, आणि ती लबाडीही त्या काळाची असू शकते. अशी मुलामा दिलेली सहा पेन्सं मुद्दाम जमवणारे लोक आहेत.

१८१९ चं मोठं चांदीचं नाणं म्हणजे क्राउन, पाच शिलिंगचं. तिसऱ्या जॉर्जच्या शेवटच्या तीन वर्षांत, १८१८ ते १८२० मध्ये, पडलेले हे क्राउन पिस्त्रुचीचं काम. सेंट जॉर्ज उघड्या अंगाने घोड्यावर, खाली ड्रॅगन, भोवती गार्टर या ब्रिटिश मानाचा पट्टा. मला ब्रिटिश चांदीत याहून देखणं नाणं माहीत नाही, आणि म्हणूनच याच्या नकलाही अमाप आहेत. वजन २८.२८ ग्रॅम हवं, झिजलेलं असेल तर अर्धा-एक ग्रॅम कमी. पाण्यात २.७३ च्या आसपास आकडा येऊन भागाकार दहाच्या वर जायला हवा. हल्लीच्या बहुतेक नकला इथेच पडतात. वीस-बावीस ग्रॅम भरतात किंवा चुंबकाला चिकटतात.

पण या नाण्याची खरी परीक्षा कडेवर आहे. तुम्ही कडेचा फोटो पाठवलेला नाही, बहुतेक कुणीच पाठवत नाही. या क्राउनच्या कडेवर उठावाच्या अक्षरांत डेकस एट ट्युटामेन आनो रेग्नी असं लॅटिन वाक्य असतं. शोभा आणि संरक्षण, राज्याच्या अमुक वर्षी, असा त्याचा आशय. कड कातरून चांदी चोरणाऱ्यांवर तो पहारा होता. वाक्याच्या शेवटी राज्यवर्ष रोमन आकड्यांत येतं, आणि त्याचा हिशेब करता येतो. तिसरा जॉर्ज २५ ऑक्टोबर १७६० ला गादीवर आला. म्हणजे १८१९ च्या जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचं एकोणसाठावं वर्ष चालू होतं आणि त्यानंतर साठावं. तेव्हा १८१९ च्या क्राउनवर एलआयएक्स किंवा एलएक्स यांपैकीच काहीतरी असायला हवं. १८१८ वर एलव्हीआयआय​आय किंवा एलआयएक्स, १८२० वर एलएक्स. नकली नाण्याची कड एक तर कोरी असते, नाहीतर रुपयासारखी दातेरी, नाहीतर अक्षरं असली तरी आकडा दुसऱ्याच सालाचा. हाच हिशेब व्हिक्टोरियाच्या १८९३ ते १९०० च्या क्राउनांनाही लागू आहे. १८८७ ते १८९२ च्या क्राउनांची कड मात्र नुसती दातेरी असते, तिथे अक्षरं शोधू नका.

डॉलरबद्दल. हे ब्रिटिश व्यापारी डॉलर हाँगकाँग आणि मलाया-सिंगापूरकडच्या व्यवहारासाठी १८९५ पासून पाडले गेले, आणि त्यातले पुष्कळसे मुंबईच्या टाकसाळीत पडले. समुद्राकाठी त्रिशूळ घेऊन उभी ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, मागे शिडाचं जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि जावी (अरबी वळणाच्या मलय) लिपीत ‘एक डॉलर’. मुंबईची खूण म्हणजे बी, आणि ती त्रिशुळाच्या मधल्या फाळावर इतकी बारीक आहे की भिंगाशिवाय दिसायची नाही. वजन २६.९५ ग्रॅम, चांदी ९० टक्के. अख्ख्या आशियातल्या बाजारांत याच्या नकला ढिगाने मिळतात, त्यामुळे वजनाशिवाय याच्याकडे मी बघतच नाही. नाण्यावर चिनी सराफांचे छोटे ठसे मारलेले असतील तर ते दोष म्हणून घासून काढू नका. चांदी तपासल्याची ती त्यांची निशाणी. आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे खलाशाच्या फेऱ्यांची नोंदवही, घरात असेल तर तेही डब्यात ठेवा. आजोबांनी आणलं ही हकीकत नाण्याच्या खरेपणाचा पुरावा होत नाही, पण हाँगकाँगची फेरी दाखवणारा कागद सोबत असला तर संग्राहकाला त्याचं मोल असतं.

रामदरबाराचा ‘हाफ आणा’ मात्र मी एका ओळीत निकालात काढतो: कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. कंपनीचा १८३५ चा खरा अर्धा आणा बघा, त्यावर कंपनीचं मानचिन्ह आहे, देवादिकांचं चित्र नाही. ‘तांदूळ ओढणारं नाणं’, ‘लाखोंची किंमत’ असं सांगून याच तुकड्यांवर लोकांना लुबाडलं जातं. कुणी हे नाणं तपासायला म्हणून आगाऊ पैसे मागत आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता ग्रेड. ब्रिटिश पद्धतीत पायऱ्या अशा: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन, अनसर्क्युलेटेड, आणि खास चकचकीत ठशांनी पाडलेल्या निर्दोष नाण्याला एफडीसी. अमेरिकेची पद्धत एक ते सत्तर गुणांची. इथे मराठी माणूस नेहमी फसतो तो ‘फाइन’ या शब्दावर. फाइन म्हणजे उत्तम नव्हे. फाइन नाणं चांगलंच झिजलेलं असतं. अक्षरं वाचता येतात, चेहऱ्याची ठळक वळणं राहिलेली असतात, बारकावे गेलेले असतात. व्हेरी फाइनमध्ये केसांच्या बटा निराळ्या दिसतात, उंचवटे सपाट. एक्स्ट्रिमली फाइनमध्ये सगळ्यात उंच जागी तेवढी किंचित झीज आणि खाचाखोचांत मूळ तकाकी. अनसर्क्युलेटेडला हाताळणीची झीज नसते, पण पिशव्यांत एकमेकांवर आपटल्याच्या खुणा असू शकतात. सोनं मऊ, त्याला त्या लगेच पडतात.

झीज बघायची तर सगळ्यात उंच जागा बघा. पाचव्या जॉर्जची भुवई, गालाचं हाड आणि मिशी. व्हिक्टोरियाच्या तरुण चेहऱ्यावर कानावरचे केस, म्हाताऱ्या चेहऱ्यावर डोक्यावरचा पदर. सेंट जॉर्जचं शिरस्त्राण आणि खांदा, घोड्याची छाती. ब्रिटानियाचा गुडघा आणि छाती. नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवा. मूळ तकाकी असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. घासलेल्या नाण्यावर तो पट्टा फिरत नाही, सगळा पृष्ठभाग एकदमच चमकतो, आणि भिंगाखाली समांतर बारीक रेघा दिसतात.

तुमच्या दोन नाण्यांची ग्रेड ठरवताना हमखास चूक होते, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिलं १७९७ चं तांब्याचं. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टाकसाळीत मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रांवर पाडलेली ही पेनी; लोक तिला गाडीचं चाक म्हणत. एक औंस वजन, म्हणजे २८ ग्रॅमच्या वर, ३६ मिलिमीटर व्यास. हिच्या रुंद कडेवरची अक्षरं उठावाची नाहीत, आत खोदलेली आहेत. त्यामुळे राजाचं तोंड पार गुळगुळीत झालं तरी नाव-साल ठणठणीत राहतं, आणि अक्षरं स्पष्ट दिसतात म्हणून माणूस तिला व्हेरी फाइन ठरवतो. अक्षरांकडे बघू नका, राजाच्या डोक्यावरच्या पानांच्या शिरा मोजता येतात का ते बघा. तुमच्या फोटोत पानांचे आकार आहेत, शिरा नाहीत, कडेला दोन ठोके आहेत. माझ्या मते फाइन, त्याहून वर नाही. त्या काळीही हिच्या हलक्या नकला झाल्या होत्या, तेव्हा वजन कराच.

दुसरी गोष्ट पेन्यांची, उलट्या दिशेची. पाचव्या जॉर्जच्या सुरुवातीच्या पेन्यांवर ब्रिटानिया अर्धवट उठलेली, मधे पुसट, आणि तिच्या मागच्या सपाट भागावर राजाच्या डोक्याची सावली उमटल्यासारखी दिसते. ती झीज नव्हे. राजाचा मुखवटा मोठा आणि ठसा खोल, त्यामुळे दाबाच्या वेळी धातू त्या बाजूला ओढला जाई आणि मागच्या बाजूला पुरत नसे. टाकसाळीने यावर वर्षानुवर्षं डोकं खपवलं, १९२६ मध्ये मुखवटा सुधारला आणि १९२८ पासून डोकं लहान केलं, तेव्हा हा दोष आटोक्यात आला. म्हणून अशा पेनीची ग्रेड राजाच्या बाजूवरून ठरवायची. तुमच्या वीसांत १९१२ ची एक आहे, तिच्या सालाच्या डावीकडे छोटा एच आहे का बघा. ती बर्मिंगहॅमच्या हीटन कारखान्याची खूण. १९१८ आणि १९१९ च्या पेन्यांवर एच किंवा के एन (किंग्ज नॉर्टन कारखान्याची खूण) असेल तर त्या बाजूला काढा. झिजलेल्या असतील तर भाव बेताचा, पण चांगल्या अवस्थेतली के एन सहज सापडत नाही. १९३३ ची आहे असं कुणी म्हणालं तर शेवटच्या आकड्याकडे भिंगातून बघा. त्या सालच्या पेन्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि दुसऱ्या सालाचा आकडा तासून बनवलेल्या पुष्कळ.

घासण्याबद्दल आणखी एकदा, कारण हा प्रश्न तुम्ही दोनदा विचारला आहे. चिंच, राख, पितांबरी, टूथपेस्ट, लिंबू, सोडा यांपैकी काहीही नाही. चांदीवरचा काळपट निळसर थर आणि काशाच्या पेनीवरचा चॉकलेटी रंग हा मळ नाही, तो धातूचा स्वतःचा थर आहे, आणि त्याच्याखाली मूळ पृष्ठभाग सुरक्षित असतो. तो घालवला की ग्रेड देणाऱ्या संस्था नाण्याला आकडा देत नाहीत, ‘डिटेल्स, क्लीन्ड’ (म्हणजे घासलेलं) असा शेरा मारतात. काही नाणी तर टाकसाळीनेच काळी करून पाठवली होती. १८९७ पासूनची फार्दिंग, म्हणजे पाव पेनीची नाणी, पाहा. अर्ध्या सॉव्हरिनशी गल्लत होऊ नये म्हणून ती मुद्दाम गडद केली. ती घासून चकचकीत करणं म्हणजे खरं नाणं खोट्यासारखं करणं. तेलकटपणा असेल तर डिस्टिल्ड पाण्यात काही तास ठेवा आणि न घासता मऊ कापडावर टिपून वाळवा. पेनीवर हिरवी बुरशीसारखी पूड धरत असेल तर ती पेनी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा, ती पसरते. कोकणातल्या पावसाळ्यात पत्र्याचा डबा नको. मऊ, वास येणारी प्लास्टिकची पाकिटंही नकोत, त्यातून हिरवा चिकटा सुटतो. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरे. नाणं उचलताना दोन बोटांत कड धरा.

राहिला लेस्टरचा प्रश्न. पाठवू नका, आणि कुणा पाहुण्याच्या सामानातूनही नेऊ नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावस्तू ठरतं, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. तुमची गिन्नी, क्राउन, डॉलर, १७९७ ची पेनी आणि १८८७ चं सहा पेन्स ही सगळी त्यात बसतात. ‘अमेरिकेतून ग्रेड करून आणू’ म्हणणाऱ्यालाही हेच उत्तर. चुलतभाऊ तिकडे स्वतः काही घेणार असेल तर त्याला इतकंच सांगा, की ग्रेड देणाऱ्या संस्थेने बंद केलेल्या प्लास्टिकच्या कवचातलं नाणं असलं तरी कवचावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर घालून तिथला फोटो समोरच्या नाण्याशी ताडून बघ. हल्ली कवचंही नकली निघतात.

विकायचंच असेल तर पुण्या-मुंबईत नाण्यांचे लिलाव आणि प्रदर्शनं होतात, तिथे दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि पहिल्याच भावाला हो म्हणू नका. त्याआधी गिन्नीचं कोरडं आणि पाण्यातलं वजन, छोट्या सोनेरी नाण्याचं वजन, डॉलरच्या त्रिशुळाचा जवळून फोटो आणि क्राउनच्या कडेचे चारी बाजूंनी फोटो एवढं मला पाठवा. कडेचे फोटो काढताना नाणं उभं करून खिडकीपाशी ठेवा, फ्लॅश वापरू नका. फ्लॅशमध्ये उठावाची अक्षरं बुजतात.